कलम दोनमधला ‘एक’

१

दात घासत असताना मला माझाच आवाज ऐकू आला. स्वयंपाकघरातल्या रेडिओवर.

तोंडात ब्रश तसाच धरून मी बाहेर आले. निवेदिका सांगत होती की, हॅनोव्हरमध्ये बंद दाराआड झालेल्या एका बैठकीचं रेकॉर्डिंग त्यांच्या हाती लागलंय. त्यानंतर मी बोलले, अगदी स्वच्छ जर्मनमध्ये. "शरियतची तत्त्वं हाच कायद्याचा मुख्य आधार आहे."

एवढं एकच वाक्य. मग हवामान.

मी नैना. अरबी आणि जर्मन यांच्या मधोमध बसून पोट भरते. इथल्या कोर्टाची शपथ घेतलेली दुभाषी आहे. घटस्फोट, मुलांचा ताबा, आश्रयाचे अर्ज असली कामं. मागच्या आठवड्यात मात्र जरा मोठं काम मिळालं होतं. एका देशातली जुनी राजवट पडली होती. देशाचं नाव मी सांगणार नाही, तसं कबूल केलंय. तिथली काही माणसं, आणि काही जर्मनीत वर्षानुवर्षं राहिलेली, नव्या राज्यघटनेचा मसुदा करायला तीन दिवस इथे जमली होती. पहिल्या कलमात देशाचं नाव आणि झेंडा होता. त्यावर कोणी भांडलं नाही. भांडण होतं ते कलम दोनवर. शरियतला घटनेत जागा द्यायची का, आणि दिली तर केवढी?

एका बाजूला निवृत्त न्यायाधीश इद्रिस हर्रानी, पांढऱ्या दाढीचे, हळू बोलणारे. दुसऱ्या बाजूला वकील सलमा बेन्नूर, लहानपणापासून हॅनोव्हरमध्ये वाढलेली, बोलायला लागली की समोरच्याला श्वास घेऊ न देणारी. तिसऱ्या दिवशी दुपारी त्यांचं जमलं. शरियतची तत्त्वं हा कायद्याचा *एक* मुख्य आधार, असं ठरलं. एक, म्हणजे इतरही असू शकतात. न्यायाधीशांनी उभं राहून ते अरबीत वाचलं. काचेच्या बूथमध्ये घामाने निथळत मी ते जर्मनमध्ये सांगितलं. लोकांनी एकमेकांना मिठ्या मारल्या.

आणि आज रेडिओवर माझा आवाज ‘हाच’ म्हणत होता.

तासाभरात फोनवर फोन आले. सलमाने ओरडूनच सुरुवात केली. तिकडे बातमी पोचली होती; तिने देश विकला असं म्हणत लोक रस्त्यावर उतरले होते, आणि दोन दिवसांनी तिचं तिकडे जायचं विमान होतं. कोर्टाच्या कचेरीतून अतिशय सभ्य आवाजात सांगण्यात आलं की, खुलासा होईपर्यंत मला बोलावलं जाणार नाही. मग ज्या संस्थेने बैठक भरवली तिच्या प्रमुख, डॉ. केर्स्टिन आलर्स, यांचा फोन आला. त्या मात्र रागावल्या नव्हत्या.

"नैना, असं होतं माणसाच्या हातून. मी हेडफोनवर ऐकत होते, मलाही तसंच ऐकू आलं. दमला होतात तुम्ही."

"पण मूळ अरबी ऐकून बघा ना!"

"अरबीचं रेकॉर्डिंग नव्हतंच, तुम्हाला माहीत आहे. त्यांच्या घरच्या माणसांना धोका नको म्हणून. फक्त तुमचं जर्मन रेकॉर्ड झालं होतं, आणि तेही मी करारानुसार त्याच संध्याकाळी पुसून टाकलं. डाटनशुट्झ, माहितीच्या गोपनीयतेचा कायदा, तुम्ही जाणताच. रेडिओवाल्यांना तो तुकडा कुठून मिळाला, देव जाणे."

फोन ठेवून मी खुर्चीत बसले. कोणाला सांगायची लाज वाटेल अशी एक गोष्ट तेव्हा माझ्या मनात होती. दुभाष्याला आपलं बोलणं आठवत नाही. एका कानातून आत येतं, तोंडातून बाहेर जातं, मागे काही उरत नाही. मी ‘एक’ म्हणाले होते असं मी सगळ्यांना छातीठोकपणे सांगत होते.

पण खरंच म्हणाले होते का?

२

माझा नवरा मिलन ड्रेस्डेनला कॉम्प्युटर चिप्सच्या कारखान्यात असतो, शुक्रवारी घरी येतो. त्याने फोनवर सगळं ऐकून घेतलं आणि जर्मनमध्ये म्हणाला, "मी आईला पाठवतो."

"आईंना? त्या काय करणार?"

"म्हणजे... तिला ऐकू येतं," तो म्हणाला.

माझ्या सासूबाई, उल्का ब्रेनर, बॉबलिंगेनजवळ एका गाडीच्या कंपनीत इंजिनियर आहेत. पुण्याहून शिकायला आल्या, इथल्याच माणसाशी लग्न केलं, राहिल्या. नव्या गाडीत कुठूनतरी कुरकुर येते, खुळखुळ येते, आणि ती कुठून येते हे कोणाला सापडत नाही, तेव्हा आईंना बोलावतात. त्या डोळे मिटून मागच्या सीटवर बसतात, आणि गाडी फिरून येईपर्यंत बोट दाखवतात. आमचं नातं तसं बरं, पण लांबचं. दिवाळीला फोन, वाढदिवसाला साडी. माझं काम नेमकं काय असतं हे त्यांनी कधी विचारलं नव्हतं.

संध्याकाळी त्या आल्या. ट्रेन उशिरा आल्याबद्दल दोन वाक्यं झाली, चहा झाला, आणि त्यांनी पिशवीतून स्वतःचे भलेमोठे हेडफोन काढले.

"आधी मला भांडण समजाव. जर्मनमध्ये नको, मराठीत."

"अहो आई, अरबीत एका शब्दाआधी ‘अल’ लावला की अर्थ फिरतो. जर्मनमध्ये ‘आइने’च्या जागी ‘डी’ येतं. आइने हाउप्टक्वेले म्हणजे मुख्य आधारांपैकी एक. डी हाउप्टक्वेले म्हणजे तोच, दुसरा नाही."

"म्हणजे मराठीत नुसता एक ‘च’."

"हो. हा एक, की हाच."

"एका ‘च’साठी माणसं रस्त्यावर?" त्यांचे डोळे चमकले. त्यांना राग आला नव्हता, गंमतही वाटली नव्हती. बॉनेट उघडून आत बघताना मेकॅनिक जसा बघतो तसं त्या बघत होत्या. "आणि तुझा कोणावर संशय आहे?"

"न्यायाधीशांवर. त्यांना ‘हाच’ हवं होतं, सगळ्यांना माहीत आहे. कोणीतरी माझं बोलणं कापून, शब्द बदलून जोडलंय. हल्ली काय काय करता येतं."

आईंनी रेडिओच्या साइटवरचं ते वाक्य लावलं आणि डोळे मिटले. एकदा ऐकलं. पुन्हा ऐकलं. मग इतक्या वेळा ऐकलं की मला माझ्या आवाजाची किळस यायला लागली. शेवटी त्यांनी हेडफोन काढून मांडीवर ठेवले.

"नैना, तुला वाईट वाटेल."

"सांगा."

"आवाज तुझाच आहे. मशीनने बनवलेला नाही. शब्द बदललेला नाही, मधे कुठे सांधा नाही. हे वाक्य तू बोललीस."

३

त्या रात्री मला धड झोप लागली नाही. सकाळी उठले तर आई स्वयंपाकघरात, कानावर हेडफोन, समोर गार झालेली कॉफी.

"बस," त्या म्हणाल्या. "काल मी तुझा आवाज ऐकत होते. चूक झाली. गाडीत आवाज शोधताना आम्ही इंजिन ऐकत नाही, इंजिनच्या मागचं ऐकतो. हे घाल."

मी हेडफोन घातले. माझं वाक्य. त्यांनी आवाज खूप वाढवला.

"शब्द सोड. शब्दांच्या खाली काय आहे?"

बराच वेळ मला काहीच कळेना. मग कळलं. खाली एक बारीक घरघर होती, एका लयीत, आणि मधूनमधून टक् असा आवाज.

"पंखा," मी म्हणाले. "बूथमधला छोटा टेबलफॅन. त्याची जाळी सैल होती, टक् टक् वाजायचा."

"रोज चालू असायचा?"

मी तोंड उघडलं आणि तसंच ठेवलं. काचेच्या त्या खोक्यात शेवटच्या दुपारी माझा ड्रेस पाठीला चिकटला होता. कपाळावरचा घाम टिपायला माझ्याकडे रुमाल उरला नव्हता.

"नाही! तिसऱ्या दिवशी नव्हता. सकाळीच बिघडला. माझा बूथमधला जोडीदार, हेनिंग, त्याने उचलून खाली नेला."

"गेनाऊ, अगदी बरोबर." आईंनी टेबलावर थाप मारली. "आणि दुसरी गोष्ट. माणूस नवं वाक्य सुरू करतो तेव्हा आधी श्वास घेतो. तुझा श्वास इथे नाही. म्हणजे हे वाक्य मधूनच उचललंय. याच्या आधी तू काहीतरी बोलत होतीस, ते कापून टाकलंय."

मला एकदम हलकं वाटलं, आणि लगेच गोंधळल्यासारखंही झालं. हे वाक्य मी बोलले होते, पण शेवटच्या वाचनात नाही. आधीच्या दोन दिवसांत कधीतरी.

"पण आई, ‘हाच’ असलेलं वाक्य आधी तरी कोण बोललं? मला आठवत नाही."

"तुला आठवायची गरज नाही. ज्याने कापलं त्याला आठवत होतं ना?" त्या उठून कोट घालायला लागल्या. "तीन दिवसांच्या बोलण्यात एक वाक्य. ते तिथे आहे हे ज्याला आधी माहीत होतं, तोच ते शोधायला जाणार. चल, कोण कोण भेटेल ते बघू."

४

हेनिंग फॉस हा माझा जोडीदार, आणि बूथ, हेडफोन, रेकॉर्डर हे सगळं सामानही त्याचंच. त्याच्या गोदामात तो तारा गुंडाळत होता. मला बघून ओशाळला.

"पंखा?" तो म्हणाला. "हा काय, अजून दुरुस्त नाही केला." कोपऱ्यातल्या खोक्यात तो होता. "तिसऱ्या दिवशी सकाळी बंद पडला. तू दिवसभर मला शिव्या घालत होतीस."

"आणि रेकॉर्डर?" आईंनी विचारलं.

"शेवटचं वाचन झाल्यावर तिथेच फ्राउ आलर्सच्या हातात दिला. पुसायची जबाबदारी त्यांची, तसं करारातच होतं. दुसऱ्या दिवशी रिकामा परत मिळाला."

"त्याआधी तुम्ही ऐकून बघितलंत?"

"ते सगळं?" तो हसला. "दिवसभर बूथमध्ये ऐकल्यावर घरी जाऊन कोण ऐकेल? आणि असं बघा, नैनाची बदनामी म्हणजे माझी बदनामी. त्या संस्थेने माझं पुढचं काम रद्द केलंय."

निघताना आईंनी सहज विचारलं, "तुम्ही दोघं आळीपाळीने बोलत होतात. नैना बोलत असताना तुम्ही कायम शेजारी असायचात?"

"जवळजवळ. दुसऱ्या दिवशी जेवणाआधी फक्त धावत खाली गेलो होतो. माझी व्हॅन चुकीच्या जागी लावली होती, उचलून न्यायला ट्रक आला होता." हेनिंगचे कान लाल झाले. "अख्ख्या हॉलने खिडकीतून बघितलं."

सलमा तिच्या बहिणीच्या घरी होती. अर्धी भरलेली बॅग पलंगावर उघडी. ती माझ्याकडे बघेना. आईंनी तिला पंख्याची गोष्ट सांगितली तेव्हा ती हळूहळू पलंगाच्या कडेवर बसली.

"म्हणजे नैनाने शेवटी ‘एक’च म्हटलं होतं?"

"तुम्हाला नाही ऐकू आलं?"

"मी कशाला जर्मन ऐकू? मी अरबीच ऐकत होते. न्यायाधीश ‘एक’ म्हणाले, ते मी माझ्या कानांनी ऐकलं. मला वाटलं, नैनाने जर्मनमध्ये घाण केली." तिने कपाळ चोळलं. "पण मग हे वाक्य आलं कुठून? त्यांनी ‘हाच’ हा शब्द तीन दिवसांत एकदाही काढला नाही. निदान माझ्यासमोर नाही. ते फार हुशार आहेत. त्यांनी तसं म्हटलं असतं तर मी तिथेच उठून गेले असते, हे त्यांना माहीत होतं."

"तुम्ही पूर्ण वेळ हॉलमध्ये होतात?"

"दुसऱ्या दिवशी तिकडून वडिलांचा फोन आला होता, तेव्हा बाहेर जिन्यात गेले होते. परत आले तर सगळे खिडकीशी उभे राहून हसत होते. कोणाची तरी गाडी उचलत होते."

आईंनी माझ्याकडे बघितलं. मी त्यांच्याकडे.

दाराशी सलमा म्हणाली, "मी तिकीट रद्द करणार नाही. पण मी गेले आणि तिथे कोणी ‘हाच’वाली म्हणून मला विमानतळावर गाठलं, तर माझी बहीण तुम्हाला फोन करेल."

ती हे शांतपणे म्हणाली, म्हणून जास्त भीती वाटली.

५

न्यायाधीश हर्रानी लिंडन भागात पुतण्याकडे उतरले होते. त्यांना जर्मन येत नाही. ‘डांके’, म्हणजे आभार, आणि ‘कॉफी’, बास. म्हणजे त्यांची उलटतपासणी मीच अरबीतून मराठीत सांगायची होती. ज्या कामावरून माझ्यावर आरोप होता, तेच काम.

"जसंच्या तसं सांग," आई म्हणाल्या. "मला गोड लागावं म्हणून काही बदलू नकोस."

न्यायाधीशांनी आम्हाला बसवलं, खजूर पुढे केले, आणि आधी स्वतःच बोलायला लागले.

"तिकडे माझे फोटो खांद्यावर घेऊन फिरतायत. ज्यांनी माझ्या कोर्टावर दगड मारले होते, तेच. म्हणतायत, हर्रानींनी जिंकलं." त्यांनी खजुरांची ताटली बाजूला सरकवली. "मी दिलेला शब्द फिरवला असं सलमाला वाटतं. माझ्या आयुष्यात मला कोणी खोटारडा म्हटलेलं नाही, मुली."

आईंनी सरळ विचारलं, "तुम्हाला ‘हाच’ हवं होतं ना?"

मी सांगितलं. ते हसले.

"आधी हवं होतं. मग मी म्हातारा झालो. ऐका. इजिप्तच्या घटनेत १९७१ साली लिहिलं होतं, एक मुख्य आधार. १९८० साली ते बदलून मुख्य आधार हाच असं केलं. सगळ्यांना वाटलं, आता डोंगर हलणार. मग प्रकरणं वरच्या कोर्टात गेली. कोर्ट म्हणालं, हे फक्त यापुढच्या कायद्यांना लागू. आणि पुढे म्हणालं, तेही ज्या तत्त्वांबद्दल कुणाचंच दुमत नाही तेवढ्यापुरतं. अशी तत्त्वं किती असतात? इराकने दोन्ही लिहिलं, इस्लामच्या ठाम नियमांविरुद्ध कायदा नको आणि लोकशाहीविरुद्धही नको. दोघांत भांडण लागलं तर? ते वाचणाराच ठरवणार. ट्युनिशियाने २०१४ साली शरियत हा शब्दच घातला नाही. तरी तिथे निकाल देताना न्यायाधीश आपापलं मन घरी ठेवून येत होते का? आणि तुमच्या या जर्मन घटनेचं पहिलं वाक्य वाचलंत? देवासमोरच्या जबाबदारीची जाणीव ठेवून, असं सुरू होतं. वाक्याला दात नसतात, बाई. दात वाचणाऱ्याला असतात."

आई पुढे झुकून ऐकत होत्या. खजुराची बी तशीच त्यांच्या मुठीत होती. "हे तुम्ही बैठकीत बोललात?"

"बोललो की. दुसऱ्या दिवशी. मी म्हटलं, समजा आपण असं लिहिलं..." आणि ते थांबले.

मीही थांबले.

"समजा आपण लिहिलं," ते हळूच म्हणाले, "शरियतची तत्त्वं हाच कायद्याचा मुख्य आधार आहे. तर उद्या सकाळी तुमचं नेमकं काय बदलेल? असं विचारलं होतं मी. उदाहरण म्हणून. एकदाच. आणि बघतो तर सलमाची खुर्ची रिकामी. एवढा चांगला मुद्दा फुकट गेला म्हणून मला वाईट वाटलं. बाकीचे तर उठून खिडकीशी गेले होते. खाली तुमचा तो जोडीदार ट्रकच्या मागे पळत होता."

"आजोबा, मग तुमचं ऐकत होतं तरी कोण?" आईंनी विचारलं.

मी अरबीत ‘महोदय’ म्हटलं होतं. ‘आजोबा’ हे आईंचं. ते मी गिळलं. एवढा एकच शब्द मी त्या दिवशी बदलला.

न्यायाधीशांनी आठवून बघितलं. "माझ्या बाजूचे दोघं. ते अरबीच ऐकत होते. आणि ती जर्मन बाई, टेबलाच्या टोकाला. ती जागची हलली नाही. हेडफोन दोन्ही हातांनी कानावर दाबून बसली होती."

"जर्मन ऐकणारं दुसरं कोणी?"

"बाकीचे जर्मन पाहुणे शेवटच्या वाचनालाच आले."

६

बाहेर आल्यावर ट्रामच्या थांब्यावर आई स्वतःशीच बोटांवर मोजत होत्या.

"हेनिंगकडे रेकॉर्डर होता, पण ते वाक्य झालं तेव्हा तो खाली पळत होता. तुझं बोलणं त्याने ऐकलंच नाही. सलमा जिन्यात होती, आणि तिच्याकडे रेकॉर्डिंग नव्हतं. न्यायाधीश स्वतः बोलले, पण त्यांना जर्मन येत नाही. तासन्‌तासांच्या जर्मनमधून ते काय शोधणार? त्यांच्या माणसांचंही तेच. शिवाय हे वाक्य आपण बोललो असं त्यांनी स्वतःहून सांगितलं. चोर असं सांगत नाही."

"पण फ्राउ आलर्स? आई, त्यांनीच तर ही बैठक भरवली. ती मोडली तर त्यांचंच नुकसान."

"ते त्यांना विचारू. त्यांनी तुला सांगितलं ना, शेवटच्या वाचनात मलाही ‘हाच’ ऐकू आलं? ते तर तू तेव्हा बोललीच नाहीस. आणि जो पुसतो, तोच सगळ्यात शेवटी ऐकतो."

डॉ. आलर्सनी आम्हाला लगेच बोलावलं. त्यांची खोली छान होती, खिडकीतून चेस्टनटचं झाड दिसत होतं. आईंनी आवाज चढवला नाही. टेबलावर हेडफोन ठेवले आणि म्हणाल्या, "फ्राउ डॉक्टर, एकदा ऐका. शब्द नको, पंखा ऐका."

त्यांनी ऐकलं. मग आईंनी एक एक करून सगळं सांगितलं. पंखा, श्वास, ट्रक, जिना, रिकामी खुर्ची. आरोप असा केलाच नाही.

डॉ. आलर्स उठल्या, त्यांनी खिडकी लावली आणि तिथेच पाठमोऱ्या उभ्या राहिल्या.

"तुम्हाला वाटत असेल मी या माणसांचा द्वेष करते. नाही. या बैठकीसाठी मी दोन वर्षं खपले. मला वाटायचं, शरियत हा शब्द येणारच नाही. शेवटी तो आला, आणि सगळे मिठ्या मारत होते, आणि मला कळलं की खाली आमच्या संस्थेचं नाव असणार आहे. एका घटनेत शरियत लिहिली गेली, आणि ती माझ्या टेबलावर. एक काय, हाच काय, माझ्यासाठी सारखंच होतं."

"मग ते तिथेच सांगायचं होतं," आई म्हणाल्या.

"कुठल्या तोंडाने? त्यांची घटना. मी कोण? मी फक्त यजमान." त्या वळल्या. "संध्याकाळी पुसायला बसले आणि ते वाक्य आठवलं. मला वाटलं, हे बाहेर आलं तर सलमा स्वतःच उठून जाईल. तडजोड मोडेल, पण मी मोडली असं होणार नाही."

"आणि मी?" मी विचारलं. माझा आवाज मलाच परका वाटला.

"मला वाटलं, दुभाष्याला कोणी दोष देत नाही. सगळे म्हणतात, भाषांतरात झालं."

"दोष देतात, फ्राउ आलर्स. आधी दुभाष्यालाच देतात. आणि सलमा उद्या विमानात बसणार आहे. तिला तिकडे काय होऊ शकतं, याचा विचार केलात?"

तो विचार त्यांनी केला नव्हता. ते त्यांच्या चेहऱ्यावर दिसलं. आतापर्यंत त्या घटना, संस्था, नाव असं बोलत होत्या. मग त्यांनी फोन उचलला, आमच्यासमोर रेडिओच्या कचेरीत लावला, आणि स्वतःचं पूर्ण नाव सांगून बोलायला सुरुवात केली.

मला वाटलं होतं, हे ऐकून मला आनंद होईल. झाला नाही. मला फक्त घरी जाऊन झोपावंसं वाटलं.

७

दुरुस्ती रेडिओवर आली. बातमी सकाळी पहिली होती. दुरुस्ती दुपारी, बाजारभावांच्या आधी. डॉ. आलर्सनी संस्था सोडली. कोर्टातून पुन्हा बोलावणं आलं, त्याच सभ्य आवाजात. तिकडच्या काही वर्तमानपत्रांत मात्र अजूनही ‘हाच’ छापतात. खोडून निघत नाही ते. सलमाने जाणं आठवडाभर पुढे ढकललं. न्यायाधीशांनी तिकडे स्वतःचा व्हिडिओ पाठवला, त्यात ते ठरलेलं वाक्य तीनदा वाचतात, ‘एक’वर बोट उंच करून.

आणि मग त्यांनी मला फोन केला. संस्था नाही, हॉल नाही, पण कलम अजून बाकी आहे. तुझ्याकडे मोठं टेबल आहे का?

रविवारी दुपारी दोघं आमच्याकडे आले. आई बॉबलिंगेनला परत गेल्या नव्हत्या. शेवट बघितल्याशिवाय हलणार नाही म्हणाल्या. मिलनने बटाटेवडे तळले, थोडे जळले. सलमा आणि न्यायाधीश पहिला अर्धा तास एकमेकांशी बोलले नाहीत, मग एकदम दोघं एकाच वेळी बोलायला लागले. दुभाष्याची गरज कोणालाच नव्हती. फक्त आईंना होती. मी त्यांच्या शेजारी बसून कानात मराठी सांगत होते.

"आता कशावर भांडतायत?"

"कलम दोन वाचणारं कोर्ट. त्यात कोण बसणार यावर. सलमा म्हणते, सात न्यायाधीश, त्यांत तीन बायका."

"आणि हे?"

"म्हणतायत, एक."

सलमाने खुर्चीवरचा कोट ओढला आणि उभी राहिली. मिलन ताट हातात घेऊन दारातच थांबला. न्यायाधीश मात्र वडा खात राहिले.

"बस, मुली. दोन म्हणतो."

"तीन."

"दोन चांगल्या मिळताना मारामार. तिसरी कुठून आणशील? नाव सांग. वाचलेली, घाबरून न जाणारी, माझ्यासारख्या म्हाताऱ्याशी दिवसभर भांडू शकेल अशी. एक नाव सांग, मी तीन लिहितो."

सलमा कोट हातात धरून उभी होती. मग तिने तो परत खुर्चीवर टाकला, न्यायाधीशांच्या डोळ्यांत बघितलं आणि एकच शब्द बोलली.

मी आईंकडे वळले. पण त्यांना तो कळला होता. त्या हसत होत्या.

"स्वतःचंच नाव सांगितलं ना तिने?"

न्यायाधीशांनी खिशातलं पेन काढलं.